न टाकलेल्या खताचा पुरावा : सोलापूर जिल्हा नियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष,
मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य सचिव,
आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सोलापूर

विषय : सेंद्रिय शेतीचा पैसा बाटल्यांऐवजी दाखल्यावर, साठवणीवर आणि खरेदीवर खर्च करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी हे लिहितोय तेव्हा माझ्या रानात मेंढरं बसली आहेत. सांगोल्याकडचं एक धनगर कुटुंब दर उन्हाळ्यात आमच्याकडं येतं. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावायची, रोज थोडी पुढं सरकवायची, असं करत आठ-दहा रात्रींत कळप सगळं रान धरतो. मेंढरांमागं ठरलेले पैसे, वर घरात असेल ती ज्वारी आणि चहा-साखर. अण्णांच्या काळापासून हाच व्यवहार आहे. एकदा मेंढरं बसली की पुढची दोन-तीन वर्षं ते रान लांबून ओळखू येतं, ज्वारीचं ताट अंगठ्याएवढं जाड भरतं.

या लेंडीखताची पावती मात्र मिळत नाही. आणि पावती नसलेलं खत सरकारी कागदावर खतच नसतं, हे मला गेल्या काही वर्षांत चांगलं कळलंय. खत न टाकल्याची पावती तर कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मी मंगळवेढा तालुक्यातला. सहा एकर काळं रान, सगळं कोरडवाहू. रब्बीची ज्वारी, थोडा हरभरा, ज्वारीत करडईच्या ओळी. आपल्यापैकी बरेच जण शेतकरी घरातले आहात, तरी आमची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पावसाळाभर रान रिकामं ठेवायचं, कुळवाच्या पाळ्या घालून तण मारायचं आणि ओल धरायची. हस्त नक्षत्राच्या आगेमागे पाभरीनं पेरायचं. त्यानंतर पीक त्या धरलेल्या ओलीवर आणि थंडीवर येतं. वरून पाणी नाही, मग युरिया टाकून तो विरघळणार कशात? म्हणून आमच्या शिवारात कोरडवाहू ज्वारीला पोत्यातलं खत फारसं कुणी टाकत नाही. चिकटा, म्हणजे मावा, पडला तर एखादा फवारा मारतो, तोही सगळे नाही. करडईच्या काट्यांमुळं ढोरं आत शिरत नाहीत, तेवढंच कुंपण. 'सेंद्रिय' हा शब्द गावात यायच्या आधीपासून हे असंच आहे.

म्हणजे सेंद्रिय शेतीला प्रोत्साहन देऊन मंगळवेढ्याच्या ज्वारी उत्पादकाला काही नवीन शिकवायचं आहे, असं नाही. तो जे करतो त्याचा कागद त्याच्या हातात द्यायचा आहे. माझं एवढंच म्हणणं आहे आणि ते मी जरा विस्तारानं मांडणार आहे, कारण आजवर सगळा पैसा शिकवण्यावर गेला.

कागद नसला की काय होतं ते आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी बायकोनं आणि मी सोलापुरातल्या एका प्रदर्शनात ज्वारी आणि करडईचं तेल विकायला ठेवलं होतं. एक ताई आल्या. दाणा हातात घेतला, चमक बघितली, एक दाणा दाताखाली धरून बघितला. माणूस जाणकार होता. मग विचारलं, "सर्टिफिकेट आहे का?" मी म्हणालो, रान दाखवतो, कधीही या. त्या हसल्या आणि पलीकडच्या स्टॉलवरून हिरव्या शिक्क्याचं, परराज्यातून आलेलं एक किलो ज्वारीचं पीठ माझ्या दुप्पट भावानं घेऊन गेल्या. सोलापुरात, परराज्यातलं ज्वारीचं पीठ! मला त्यांचा राग आला नाही. शहरातल्या माणसानं कुणाच्या तोंडी शब्दावर दुप्पट पैसे का द्यावेत?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७ चे सेंद्रिय अन्नाचे नियम आहेत. लहान शेतकरी स्वतः थेट ग्राहकाला माल विकत असेल तर त्याला दाखल्याची सक्ती नाही. पण तो सेंद्रिय मालाचा सरकारी 'जैविक भारत'चा शिक्का लावू शकत नाही, आणि तोच माल दुकानातून विकायचा म्हटलं की दाखला लागतो. म्हणजे मी रस्त्याच्या कडेला बसून सेंद्रिय म्हणू शकतो, दुकानात गेलो की माझी ज्वारी साधी होते. सहा एकरांतली ज्वारी रस्त्याच्या कडेला बसून किती दिवसांत खपेल, ते आपणच सांगा.

दाखल्याच्या वाटा दोन. एक निर्यातीच्या मापाची, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, २००१ पासूनची. त्यात बाहेरची संस्था येऊन तपासणी करते आणि तिचा खर्च सहा एकरांच्या माणसाला झेपत नाही. दुसरी वाट सहभाग हमी पद्धतीची, म्हणजे पीजीएसची. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, एकमेकांची रानं तपासायची, वह्या ठेवायच्या आणि गटाला दाखला मिळवायचा. मला ही पद्धत मनापासून आवडते. गावात कुणी रात्री काय टाकलं हे शेजाऱ्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्या इन्स्पेक्टरला कळणार? शेजाऱ्याची बांधावरून कटकट असते, ती पहिल्यांदा कामाला येते.

आम्हीही गट केला. केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेतून, जी २०१५-१६ पासून चालू आहे. तीन वर्षांचा कार्यक्रम. पहिल्या वर्षी उत्साह होता: दोन प्रशिक्षणं झाली, टोप्या मिळाल्या, गटाचा फलक लागला. जीवामृतासाठी दोनशे लिटरचे निळे ड्रम आले, ते आजही पाणी साठवायला उपयोगी पडतात. मग निंबोळी अर्काच्या बाटल्या आल्या. माझ्या बांधावर लिंबाची नऊ झाडं आहेत, जूनमध्ये खाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि घरात पाटा-वरवंटा आहे. तरी मला बाटली. त्यातल्या काहींची मुदत संपायला महिनाच उरला होता.

दुसऱ्या वर्षी काम बघणारी संस्था बदलली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे दाखला हातात पडायच्या वर्षी, पोर्टलवर आमची माहिती भरायची राहिली. पासवर्ड आधीच्या संस्थेकडं होता आणि त्या संस्थेतला मुलगा नोकरी सोडून गेला होता. मी तीन वेळा चौकशी केली. तिन्ही वेळा वेगवेगळ्या टेबलावर एकच उत्तर मिळालं, की वरून होईल. आमच्या वह्या पूर्ण आहेत. कुणाच्या रानात कधी शेणखत पडलं, कधी खुरपणी झाली, सगळं लिहिलेलं आहे. बायकांनीच त्या लिहिल्या, पुरुषांनी नुसत्या सह्या केल्या. वह्या घरात आहेत आणि दाखला कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही.

सुधारित परंपरागत योजनेत हेक्टरी तीन वर्षांना ३१,५०० रुपये धरलेत. त्यातले १५,००० थेट शेतकऱ्याच्या खात्यावर. एकरी वर्षाला हिशेब केला तर दोन हजारांच्या आसपास येतात. बाकीचे प्रशिक्षण, दाखला, विक्री यांवर. आता शेजारच्या बागायती गावात चला. पंचेचाळीस किलोचं युरियाचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, कारण त्याच्या खऱ्या किमतीचा कितीतरी मोठा वाटा सरकार भरतं. आडसाली उसाला एकरी सात-आठ पोती सहज जातात. प्रत्येक पोत्यामागं सरकारनं भरलेली रक्कम मांडून बघा, ऊसवाल्याला एकरी किती मदत झाली ते कळेल. त्यासाठी त्याला वही ठेवावी लागली नाही, गट करावा लागला नाही, पासवर्ड लागला नाही. दुकानात अंगठा लावला की झालं.

माझा सख्खा चुलत भाऊ ऊसवाला आहे, त्यामुळं हे कुचकेपणानं लिहीत नाही. त्याचं अनुदान काढा असंही म्हणत नाही. पण तराजू बघा. २०२४-२५ च्या केंद्राच्या अंदाजपत्रकात खतांच्या अनुदानाला सुमारे १ लाख ६४ हजार कोटी होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मंजूर झालेल्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला, केंद्र आणि राज्यं मिळून, एकूण २,४८१ कोटी. शंभर रुपयांना दीड रुपया. त्या दीड रुपयातून एक कोटी शेतकरी गाठायचे आहेत. आमच्या राज्यात विदर्भातल्या सहा जिल्ह्यांपुरतं सुरू झालेलं डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचं सेंद्रिय शेतीचं मिशन आता सगळीकडं आलंय. चांगली गोष्ट आहे. पण नाव वाढलं की फलक वाढतात. वही तपासायला येणारा माणूस वाढला का, ते मला आमच्या तालुक्यात अजून दिसायचंय.

यंत्रणा उभी करणं सरकारला जमत नाही, असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही, कारण जमलेलं मी जवळून पाहिलंय. सांगोला-पंढरपूर पट्ट्यातल्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना विचारा. युरोपनं औषधांचे अंश सापडले म्हणून द्राक्षं नाकारली, तेव्हा २००६ मध्ये ग्रेपनेट उभं राहिलं. बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, नमुना, प्रयोगशाळा, दाखला; कुठल्या कंटेनरमध्ये कुठल्या बागेचा घड आहे ते कळतं. डाळिंबासाठीही तशीच साखळी आली. युरोपातल्या माणसाच्या ताटात काय जातंय याची खात्री आपण इतकी चोख देतो. सोलापूरच्या अंगणवाडीतल्या पोराच्या ताटात काय जातंय, याची नोंद कुठल्या वहीत आहे?

डाळिंबाचा विषय निघालाय तर दुसरी बाजूही सांगून टाकतो, म्हणजे मी भाबडा आहे असं वाटायला नको. माझ्या मेहुण्यानं सांगोल्यात दोन एकर बाग एका वर्षात पूर्ण सेंद्रिय करायची म्हणून सगळी औषधं बंद केली. पाऊस लांबला आणि तेल्या आला. फळांवर काळे तेलकट डाग, तडे. हंगाम गेलाच, पुढं अर्धी झाडं काढावी लागली. आता तो माझ्यासमोर सेंद्रियचं नाव काढत नाही, आणि मीही काढत नाही. श्रीलंकेनं २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खतं बंद केली आणि त्याच वर्षी निर्णय मागं घेतला, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. तेव्हा संपूर्ण जिल्हा सेंद्रिय करू, अशा घोषणेची आम्हाला भीतीच वाटते. डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावात आहे. तेल्यावर किती औषध कमी करून भागतं, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, जे सेंद्रियच्या नियमातही मर्यादेत चालतं, तेवढ्यावर बाग तगते का, हे त्यांनी शेतकऱ्यांच्या बागांत करून दाखवावं. तोवर बागवाल्याला उपदेश नको.

सुरुवात ज्या पिकांना नुसता कागद हवा आहे तिथून करावी. ज्वारी, करडई, हरभरा, तूर, हुलगा, मटकी. हे सोलापूरचं मूळ सामान आहे. १९३३ पासून सोलापुरात कोरडवाहू शेतीवर संशोधन चाललंय. मालदांडी ३५-१ आपल्याच मोहोळच्या केंद्रातून निवडलेलं वाण. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारीची दोनच नावं असतात, संकरित आणि मालदांडी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एवढी मोठी नावं पाठीशी असून बाजारात पोतं उतरलं की दोनच गोष्टी बघितल्या जातात, दाणा पांढरा आहे का आणि टपोरा आहे का. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये क्विंटल आहे. तो सुगीत हाताला लागला तरी आम्ही खूश. सेंद्रिय म्हणून वर काही मिळेल, हे तर बाजारात कुणी बोलतही नाही.

साठवणीचं कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या आजोबांच्या वेळी ज्वारी जमिनीतल्या पेवात जायची, नंतर कणगीत, लिंबाचा पाला घालून. आता घरं लहान झाली, उंदीर मोठे झाले. माल गोदामात ठेवायचा तर तिथं किडीसाठी गोळी टाकतात. टाकणारच, कारण शेजारी दुसऱ्याची हजार पोती असतात. चार महिने रानात काही न टाकता पिकवलेली ज्वारी एका रात्रीत तिथं बाद होते. दाखला मिळालेल्या गटांचंसुद्धा असं झालंय. तालुक्याला एक वेगळी खोली, हवाबंद पिशव्या, एक चाळणी आणि एक स्वच्छता यंत्र, एवढं झालं तरी अर्धं काम होईल. नुसती नवी गोदामं बांधू नका, आहेत त्यातली एक खोली कुलूप लावून वेगळी करा.

आता आपल्या समितीकडं काय आहे? जिल्ह्याच्या योजनेचा पैसा आहे, त्यात नाविन्यपूर्ण कामांसाठी वेगळी तरतूद असते, आणि दर मार्चअखेरीला ती खर्च करायची घाई उडते, हेही आम्ही पेपरात वाचतो. त्या पैशातून प्रत्येक तालुक्याला एक माणूस नेमा, जो फक्त गटांच्या वह्या तपासेल आणि पोर्टल भरेल. कृषी सखी म्हणून बचत गटातल्या शिकलेल्या बायका तयार आहेत, त्यांनाच घ्या. आमच्या वह्या त्यांच्यासारख्यांनीच लिहिल्यात. त्यांचा पगार तीन वर्षं सलग द्या, मधे संस्था बदलू नका. आणि पासवर्ड गटाच्या हाती ठेवा. हसू येईल, पण माझ्या सगळ्या मागण्यांत ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी आहे. बाटल्या, ड्रम, टोप्या यांचा पैसा यातच वळवा. अंश तपासणीला नमुना द्यायचा तर तो हजारांच्या घरातला खर्च आहे, तो गटामागं वर्षाला दोन नमुन्यांपुरता उचला. ऊसवाल्याच्या तणनाशकाचा वारा आमच्या कडेच्या ओळींवर येतो, म्हणून मला स्वतःलाही ती तपासणी हवी आहे. माझ्या रानात काही निघालं तर ते मला कळायला हवं.

दुसरी गोष्ट खरेदीची. जिल्ह्यात सरकारी वसतिगृहं आहेत, आश्रमशाळा आहेत, सिव्हिल हॉस्पिटल आहे, शाळांचा पोषण आहार आहे. तिथं महिन्याचं धान्य कुठून तरी घेतलंच जातं. त्यातला थोडा वाटा दाखलेवाल्या गटांकडून, हमीभाव अधिक वर ठरलेली रक्कम देऊन, तीन वर्षांच्या करारानं घ्या. शाळेत रोज शंभर पोरांना भाकरी कोण थापणार, असा प्रश्न येईल आणि तो खरा आहे. खिचडीला एक पातेलं पुरतं, भाकरीला हात लागतात. पण आपल्याकडं कडक भाकरी आहे ना! सोलापूरच्या बायका ती करून पार पुण्या-मुंबईला पाठवतात. महिना महिना टिकते, आमटीत मोडून घातली की पोरं मिटक्या मारत खातात. बचत गट भाकरी करील, शाळा फक्त आमटी करील. आठवड्यातून दोन दिवस, दोन तालुके, एवढ्यापासून बघा. पहिल्या वर्षी गट अजून रूपांतराच्या, म्हणजे दाखल्याआधीच्या तीन वर्षांच्या काळात असतील, तरी घ्या. खरा खड्डा त्या तीन वर्षांतच आहे: माल सेंद्रिय पद्धतीचा, भाव साधा. तिथं हात दिला नाही तर माणूस दुसऱ्या वर्षी परत पोतं आणतो.

आणि पंढरपूर. आषाढीला, कार्तिकीला किती माणसं येतात ते आपण बंदोबस्ताच्या बैठकांत मोजता. वारकऱ्यांच्या पंगतीला जिल्ह्यातली दाखलेवाली ज्वारी जावी, असं मंदिर समितीला आपण सुचवलं तर कुणी नाही म्हणेल असं वाटत नाही. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचंही तसंच. संक्रांतीच्या सुमाराला आमचा हुरडा असतो. त्या दिवसांत एक पक्की जागा द्या, दर वर्षी तीच. मांडव गेल्या वर्षी कुठं होता ते गिऱ्हाईक शोधत येतं, आणि आम्ही यंदा तिसऱ्या कोपऱ्यात बसलेलो असतो.

आम्ही मंगळवेढ्याची माणसं, सरकारी कोठाराची गोष्ट आमच्या घरातलीच आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार लोकांसाठी उघडलं आणि पैसे भरायला विठोबाला यावं लागलं. आम्ही तेवढं मागत नाही. कोठार भरताना आमच्याकडून भरा आणि पैसे वेळेवर द्या.

समितीची पुढची बैठक असेल त्या दिवशी आमच्या गटातले चौघं वह्या घेऊन यायला तयार आहोत, त्यात दोन बायका असतील. हस्ताची पेरणी सप्टेंबरअखेर सुरू होते. त्याआधी नोंदणी उघडली तर यंदाची ज्वारी पहिल्या वर्षात धरली जाईल, नाहीतर मोजणी पुढच्या सालापासून.

मेंढरं परवा दुसऱ्या रानात जातील. या वेळी मी धनगराकडून वहीत लिहून घेतलंय: तारीख, किती रात्री, किती मेंढरं. त्याला आधी नवल वाटलं, मग त्यानं खाली अंगठा दिला. पावती म्हणून चालते का, तेवढं कळवावं.

आपला,
मंगळवेढा तालुक्यातला एक ज्वारी उत्पादक